किशोरवयीन आणि तरुणांमधला लिम्फोमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न काही रुग्णांचे आहेत, काही आईवडिलांचे, तर काही बहीण-भावांचे किंवा मित्रमैत्रिणींचे. ज्याने विचारलं त्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. घाईत असाल तर किमान प्रश्न ४ आणि ६ पहिल्या किमोच्या आधी वाचा. बाकीचे नंतर वाचले तरी चालतील.

१. लिम्फोमा म्हणजे रक्ताचा कॅन्सर का? मग रक्ताच्या रिपोर्टमध्ये काहीच कसं आलं नाही?

लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा हा कॅन्सर आहे, म्हणून तो रक्ताच्या कॅन्सरांत मोजतात. पण या बिघडलेल्या पेशी बहुतेक वेळा लसिकाग्रंथींत, छातीच्या मध्यभागी, प्लीहेत किंवा अस्थिमज्जेत साठतात. त्या रक्तात दिसतीलच असं नाही. त्यामुळे साधा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून लिम्फोमा नाही, असं धरू नये.

तरुण वयात सर्वांत जास्त आढळतो तो हॉजकिन लिम्फोमा. थॉमस हॉजकिन या डॉक्टरांनी १८३२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. बाकीचे सगळे प्रकार नॉन-हॉजकिन या नावाखाली येतात: बर्किट, लिम्फोब्लास्टिक, छातीच्या मध्यभागी होणारा बी-पेशींचा लिम्फोमा, आणखी कितीतरी. यांचे उपचार एकमेकांशी सहसा जुळत नाहीत. ‘लिम्फोमा आहे’ एवढंच कळलं असेल तर निदान अर्धंच झालं आहे. पूर्ण नाव विचारा आणि लिहून घ्या.

२. मानेला गाठ आली आहे, पण दुखत नाही. दुखत नाही म्हणजे साधीच ना?

उलट. घसा सुजला, दात किडला की येणारी गाठ बहुधा दुखते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरते. न दुखणारी, रबरासारखी लागणारी, तीन-चार आठवड्यांनीही तशीच असलेली किंवा वाढत जाणारी गाठ डॉक्टरांना दाखवावी. गळपट्टीच्या हाडाच्या वरची गाठ असेल तर तेवढंही थांबू नये.

सोबत ३८ अंशांच्या वर जाणारा ताप, चादर बदलावी लागेल इतका रात्रीचा घाम, किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं यांपैकी काही असेल तर आवर्जून सांगा. स्टेज ठरवताना ही तीन लक्षणं वेगळी नोंदवतात. अंगभर खाज आणि आडवं झाल्यावर येणारा खोकला यांकडे तरुणांच्या बाबतीत फार दुर्लक्ष होतं. खाजेसाठी मलम आणि खोकल्यासाठी औषध घेता घेता महिने जातात. छातीचा साधा एक्स-रे काढला असता तर पुष्कळदा उलगडा लवकर झाला असता.

३. सुईने तपासणी झाली आहे. आता परत ऑपरेशन करून गाठ काढायची म्हणतात. दोनदा कशाला?

हॉजकिन लिम्फोमात खरी कॅन्सरपेशी गाठीत अगदी थोडी असते, बहुतेक गाठ तिच्याभोवती जमलेल्या निरोगी पेशींची. बारीक सुईत नेमकी ती पेशी यावी हा नशिबाचा भाग झाला. शिवाय प्रकार ठरवायला पेशींची मांडणीही पाहावी लागते, आणि ती सुईत कळत नाही. म्हणून शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढतात. ती छातीत खोल असेल तर जाड सुईने नमुने घेतात.

इथे दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, गाठ क्षयरोगाचीच असेल असं धरून बायॉप्सीशिवाय औषधं सुरू करणं. दुसरी जास्त घातक: बायॉप्सीआधी स्टिरॉइड देणं. गाठ लगेच विरघळते, सगळ्यांना बरं वाटतं आणि निदान मात्र हातचं जातं. श्वास घेणंच कठीण झालं असेल तर स्टिरॉइड आधी द्यावं लागतं, हा अपवाद. पण तो निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचा.

४. मुलगा सतरा वर्षांचा आहे. मुलांच्या विभागात न्यायचं की मोठ्यांच्या?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं एका ओळीत उत्तर नाही. एकाच आजाराला दोन विभागांत दोन वेगळ्या पद्धतींनी उपचार होतात. हॉजकिनसाठी मोठ्यांमध्ये बरीच वर्षं एबीव्हीडी ही चार औषधांची जोडणी रुळलेली आहे. मुलांच्या डॉक्टरांनी पुढच्या साठ वर्षांचं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून रेडिएशन आणि हृदयाला, प्रजननाला मारक औषधं कमी करत नेली. युरोपातल्या मुलांच्या उपचारपद्धतीत प्रोकार्बाझिन हे औषध काढून डकार्बाझिन आणलं, ते मुख्यतः प्रजननक्षमता वाचवण्यासाठीच.

सुदैवाने ही दरी आता बुजते आहे. अमेरिका आणि कॅनडात मुलांच्या व मोठ्यांच्या डॉक्टरांच्या गटांनी मिळून १२ वर्षांपासून पुढच्या सर्वांसाठी तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या हॉजकिनवर एकच औषध-चाचणी घेतली. २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध आणि तीन किमो औषधं घेतलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के जणांचा आजार दोन वर्षांनीही वाढला किंवा उलटला नव्हता. तुलनेच्या गटात, म्हणजे ब्रेंटुक्सिमॅब हे थेट कॅन्सरपेशींवर नेम धरणारं औषध आणि तीच तीन किमो औषधं घेतलेल्यांत, हे प्रमाण ८३ टक्के होतं. रेडिएशन तर शंभरात एकालाही लागलं नाही.

प्रकारानुसार उत्तर बदलतं, हेही लक्षात घ्या. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा असेल तर वीस-पंचवीस वर्षांच्या रुग्णालाही मुलांच्या धर्तीची, दोन-तीन वर्षं चालणारी उपचारपद्धती देण्याकडे कल आहे.

तेव्हा ‘कुठल्या मजल्यावर?’ यापेक्षा हे विचारा: कोणती उपचारपद्धती देणार, याच वयाच्या रुग्णांना दुसऱ्या विभागात काय दिलं असतं, आणि त्या विभागाच्या डॉक्टरांशी या केसबद्दल बोलणं झालं आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर रुग्ण कोणत्या खोलीत आहे याला फार महत्त्व उरत नाही.

५. तरुणांसाठी वेगळा विभाग असतो म्हणतात. टीव्ही आणि रंगीत भिंती सोडून त्यात वेगळं काय?

भिंतींचा टोमणा रास्त आहे. काही ठिकाणी खरंच तेवढंच असतं.

ब्रिटनमध्ये टीनेज कॅन्सर ट्रस्टने असा पहिला विभाग लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १९९० साली उघडला. तिथे साधारण १३ ते २४ हे वय धरतात, अमेरिकेत १५ ते ३९. कामाचं वेगळेपण माणसांत असतं. मुलांचे आणि मोठ्यांचे कॅन्सरतज्ज्ञ एकाच बैठकीत बसतात. रुग्णाला ओळखणारी एक ठरलेली परिचारिका असते, तिला थेट फोन करता येतो. प्रजननतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, शिक्षण-नोकरीचं पाहणारा समाजसेवक हाताशी असतात. आणि शेजारच्या पलंगावर आपल्याच वयाचं कुणीतरी असतं. अठरा वर्षांच्या मुलीला चार वर्षांच्या बाळाशेजारी किंवा सत्तरीच्या आजोबांशेजारी झोपवलं की ती बोलायचीच थांबते.

तुमच्या रुग्णालयात असा विभाग नसेल तर यांतल्या बहुतेक गोष्टी तरीही मागून मिळवता येतात. परिचारिकेचा थेट नंबर आणि प्रजननतज्ज्ञाची भेट या दोन आधी मागा.

६. किमो पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी काय उरकून घ्यावं?

प्रजननक्षमतेबद्दल बोलणं. बाकीच्या गोष्टी नंतर सावरता येतात, ही येईलच असं नाही.

मुलांसाठी वीर्य गोठवून ठेवणं सोपं आहे. एकदोन दिवसांत होतं आणि वयात आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलालाही जमतं. पहिल्या किमोनंतर नमुना देणं योग्य नसतं, म्हणून आधीच. एबीव्हीडीसारख्या उपचारांनंतर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात हे खरं, पण आजार उलटला तर पुढचे उपचार जास्त कडक असतात, आणि ते आज कुणालाच ठाऊक नसतं. नमुना देताना बाबांना खोलीबाहेर नव्हे, इमारतीबाहेर थांबू द्या. मुलगे हे सांगत नाहीत, म्हणून इथे लिहिलं.

मुलींसाठी प्रश्न ७ पाहा.

त्याखेरीज हृदयाचा इको, औषधांत ब्लिओमायसिन (फुप्फुसांना इजा करू शकणारं किमोचं औषध) असेल तर फुप्फुसांची चाचणी, दातांची तपासणी, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीच्या चाचण्या, मुलींची गर्भधारणेची चाचणी, आणि हातातून किंवा छातीतून उपचार संपेपर्यंत राहणारी नळी घालायची का याचा निर्णय. गर्भचाचणी सरसकट सगळ्याच मुलींची करतात, त्यात कुणावर संशय नसतो. आईवडिलांनी मनाला लावून घेऊ नये.

७. मुलगी एकोणीस वर्षांची आहे. बीजांडं काढायला पंधरा दिवस लागतील म्हणे. एवढं थांबणं धोक्याचं नाही का?

आजारावर अवलंबून आहे. हॉजकिनमध्ये, छातीतली गाठ श्वासनलिका किंवा मोठी रक्तवाहिनी दाबत नसेल तर, दहा ते चौदा दिवस थांबणं बहुतेकदा चालतं. पाळीची वाट पाहावी लागत नाही, कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात. बीजांडं गोठवायला जोडीदार लागत नाही. लग्नाचं पुढचं पुढे.

बर्किट लिम्फोमात मात्र गाठ एकदोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. तिथे थांबायचं नाही. अशा वेळी लॅपरोस्कोपीने अंडाशयाचा तुकडा काढून गोठवण्याचा पर्याय काही केंद्रांत असतो, तोही तब्येत झेपत असेल तरच. किमोच्या काळात अंडाशयांना विश्रांती देणारी महिन्याची इंजेक्शनंही देतात. त्यांचा फायदा मर्यादित आहे, गोठवण्याची जागा ती घेत नाहीत. पाळी थांबते हा त्यांचा दुसरा उपयोग, कारण प्लेटलेट कमी असताना पाळीचा रक्तस्राव फार होऊ शकतो.

८. चौथी स्टेज सांगितली. म्हणजे आता काही उपयोग नाही?

नाही, तसं मुळीच नाही. फुप्फुसाच्या किंवा जठराच्या कॅन्सरमधली चौथी स्टेज आणि लिम्फोमातली चौथी स्टेज यांचा अर्थ एक नाही. लिम्फोमा मुळात सगळीकडे फिरणाऱ्या पेशींचा आजार आहे. स्टेजवरून तो किती ठिकाणी आहे आणि किती किमो लागेल हे ठरतं. प्रश्न ४ मधले आकडे तिसऱ्या आणि चौथ्या स्टेजचेच आहेत.

९. मधल्या पेट स्कॅनच्या रिपोर्टवर ‘डोव्हिल ३’ लिहिलंय. पाचपैकी तीन म्हणजे अर्धवट बरा झालो का?

हे गुण नव्हेत. पेट स्कॅनमध्ये आजार जिवंत असलेली जागा चमकते, आणि ती चमक किती आहे हे या आकड्यातून सांगतात. फ्रान्समधल्या डोव्हिल या गावी २००९ साली तज्ज्ञांची बैठक झाली, तिथून ही पट्टी आली. १ म्हणजे चमक नाहीच. २ म्हणजे छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांइतकी किंवा कमी. ३ म्हणजे त्याहून जास्त, पण यकृताहून जास्त नाही. ४ आणि ५ म्हणजे यकृताहून जास्त. प्रमाणित उपचार चालू असताना ३ हा आकडा सहसा चांगलाच समजतात. काही औषध-चाचण्यांमध्ये, विशेषतः औषधं कमी करायची असतील तर, ३ कडे जास्त सावधपणे पाहतात.

४ आला तरी लगेच हातपाय गाळू नका. प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधांनंतर, संसर्गानंतर किंवा तरुणांच्या छातीतली थायमस ग्रंथी परत फुगल्यावरही चमक दिसते. शंका असेल तर पुन्हा बायॉप्सी करतात.

१०. मुलाला कॅन्सर आहे हे त्याला सांगू नका, असं डॉक्टरांना सांगितलं तर चालेल का?

सांगून पाहता येतं, पण चांगले डॉक्टर ऐकणार नाहीत. ऐकूही नये. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन असतो. औषधाच्या बाटलीवरचं नाव त्याने संध्याकाळपर्यंत शोधलेलं असतं. मग दोन्ही बाजू एकमेकांसमोर नाटक करत राहतात, आणि रात्री उलट्या होत असताना त्याला विचारायला कुणी उरत नाही. कधी आणि किती सांगायचं यात आईबाबांचा सल्ला जरूर घ्यावा. सांगायचं की नाही, हा मुद्दा नसावा.

कायद्याने सज्ञान झालेल्या रुग्णाची सही स्वतःची असते. त्याहून लहान असेल तर सही पालकांची, पण होकार त्याचाही घ्यावा.

११. डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे. आईला बाहेर थांब म्हटलं तर तिला वाईट वाटेल.

तुम्ही म्हणू नका. परिचारिकेला आधी कानात सांगा, मग ती ‘आमच्याकडे सगळ्यांशीच थोडा वेळ एकट्याने बोलतात’ असं म्हणेल. सिगारेट, व्हेप, दारू, गांजा, लैंगिक संबंध, बुडवलेल्या गोळ्या, जगण्याचा कंटाळा, यातलं काहीही या वेळात बोला. जिवाला धोका असेल तर डॉक्टरांना गुप्तता मोडावी लागते. त्याखेरीज काय गुप्त राहील हे आधीच विचारून घ्या.

१२. किमोनंतर घरी ताप आला. रात्रभर थांबून सकाळी जाऊ का?

नाही. ३८ अंश किंवा जास्त ताप असेल, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून अंग थरथरत असेल, तर त्याच वेळी रुग्णालयाला फोन करा आणि निघा. पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबू नका. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. ‘सिनेमा संपल्यावर सांगतो’ म्हणणारे तरुण रुग्ण प्रत्येक विभागाने पाहिले आहेत.

डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या किमो औषधानंतर लघवी दिवसभर लालसर होणं मात्र साधं आहे. त्यासाठी धावपळ नको.

१३. कॉलेज, जिम, फिरणं, जवळीक, टॅटू. सगळंच बंद?

कॉलेज बंद करू नका, कमी करा. एखादा विषय चालू ठेवला तरी मित्र सुटत नाहीत. चालणं आणि हलका व्यायाम यांनी थकवा कमी होतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. प्लीहा वाढली असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर धक्काबुक्कीचे खेळ नकोत.

संबंध ठेवता येतात. कंडोम वापरा, आणि गर्भनिरोधाचं खात्रीचं साधन हवंच. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नसतं. टॅटू, टोचून घेणं थांबवा. ब्लिओमायसिन घेतलं असेल तर धूम्रपान आणि व्हेप पूर्ण बंद. पुढे कधी भूल देण्याची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना या औषधाबद्दल सांगा, आणि पाण्याखाली डायव्हिंग करण्याआधी फुप्फुसं तपासून घ्या.

‘नैसर्गिक आहे’ म्हणून कुणी दिलेली पावडर किंवा काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. यकृत तेच असतं, औषध कुठल्याही बाटलीतून आलं तरी.

१४. मुलगा घरच्या गोळ्या नियमित घेत नाही. ओरडून उपयोग होत नाही.

ओरडणं थांबवा, पण विषय सोडू नका. ल्युकेमियाच्या मुलांवरच्या अभ्यासांत, मर्कॅप्टोप्युरिन ही किमोची गोळी ९५ टक्क्यांहून कमी वेळा घेतलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे महिन्याला दोन गोळ्या चुकल्या तरी फरक पडतो. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही हीच गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते. गोळी का चुकते ते विचारा: मळमळ, झोप, मित्रांसमोर लाज, की ‘मी आता बरा आहे’? प्रत्येकाचा उपाय वेगळा. फोनवरचा गजर त्याने स्वतः लावलेला असेल तरच चालतो.

१५. उपचार संपले, रिपोर्ट छान. सगळे पेढे वाटतायत आणि मला रडू येतंय. हे काय आहे?

फार जणांना होतं. उपचार चालू असताना प्रत्येक आठवड्याला काहीतरी करायचं असतं. ते संपतं आणि झालं काय याचा विचार करायला पहिल्यांदाच वेळ मिळतो. त्यात मित्र एक वर्ष पुढे गेलेले असतात, थकवा कित्येक महिने राहतो आणि वाचलेलं डोक्यात टिकत नाही. स्कॅनच्या आधीचे दिवस सगळ्यांत वाईट. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, बाहेर पडणं बिघडलेलं असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मरून जावंसं वाटत असेल तर त्याच दिवशी. निव्होलुमॅबसारखं औषध घेतलं असेल तर थायरॉइडही तपासून घ्या, कारण कधीकधी थकवा आणि उदासीचं कारण तिथेच सापडतं.

१६. सीटीमध्ये गाठ अजून आहे, तरी म्हणतात आजार गेला. आणि आता पेट स्कॅनही करत नाहीत!

हॉजकिनची गाठ वाळून मागे व्रण राहतो. पेटमध्ये तो चमकत नसेल तर त्यात जिवंत आजार नाही असं मानतात. लक्षणं नसताना वारंवार पेट स्कॅन केल्याने आयुष्य वाढत नाही. विनाकारण रेडिएशन पडतं आणि खोट्या चमकीमुळे नको त्या बायॉप्सी होतात. बहुतेक वेळा आजार उलटल्याचं रुग्णाला स्वतःला जाणवतं किंवा डॉक्टरांच्या हाताला लागतं.

१७. उलटला तर?

उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. पुन्हा बायॉप्सी, वेगळी औषधं, आणि हॉजकिनमध्ये साधारणपणे स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण, असा मार्ग असतो. ब्रेंटुक्सिमॅब, निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांनी इथे बरंच चित्र बदललं आहे. काही बी-पेशींच्या लिम्फोमांत सीएआर-टी पेशींचा, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्याचा, उपचारही आहे. प्रत्यारोपणासाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेच्या किमोआधी प्रश्न ६ आणि ७ पुन्हा वाचा.

१८. गरोदर असताना निदान झालं तर गर्भ काढावाच लागतो का?

सरसकट नाही. पहिल्या तीन महिन्यांत निर्णय अवघड असतो. आजार संथ असेल तर कधी थोडं थांबता येतं. त्यानंतर एबीव्हीडीसारखी किमो गरोदरपणातही दिली जाते. पेट स्कॅन टाळून सोनोग्राफी आणि एमआरआयवर भागवतात. प्रसूतितज्ज्ञ आणि कॅन्सरतज्ज्ञ एकत्र बसल्याशिवाय यात कुणाचंच मत अंतिम मानू नका.

१९. दहा वर्षं झाली, ठणठणीत आहे. आता डॉक्टरांना जुनं सांगायची गरज आहे का?

आहे, कायमची. तिशीच्या आत छातीला रेडिएशन मिळालेल्या मुलींनी स्तनांची एमआरआय आणि मॅमोग्राफीने वार्षिक तपासणी लवकर सुरू करायची असते: वयाची २५ वर्षं किंवा रेडिएशननंतर ८ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून. मानेला रेडिएशन मिळालं असेल तर थायरॉइडची रक्तचाचणी दरवर्षी. डॉक्सोरुबिसिन घेतलेल्यांनी ठरलेल्या अंतराने इको करावा, आणि गरोदरपणात तर नक्कीच. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉजकिन झालेल्याला आयुष्यभर रेडिएशन दिलेलंच रक्त चढवायचं असतं. अपघातात बेशुद्ध असताना हे कोण सांगणार? पाकिटात कार्ड ठेवा.

२०. उपचार लहानपणी झाले, कागद हरवले, रुग्णालयही बदललं. आता काय?

जुन्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागात लेखी अर्ज करा आणि उपचारांचा सारांश मागा. त्यात चार गोष्टी हव्यात: लिम्फोमाचा पूर्ण प्रकार, डॉक्सोरुबिसिन आणि ब्लिओमायसिनची एकूण मात्रा, रेडिएशन कुठे व किती, आणि प्रत्यारोपण झालं का. काहीच मिळालं नाही तर आईबाबांना आठवतंय तेवढं लिहून काढा: कितव्या वर्षी, किती महिने, औषध लाल होतं का, मशीनखाली झोपवलं होतं का, छातीवर बारीक निळे ठिपके गोंदले होते का. एवढ्यावरूनही डॉक्टरांना पुढच्या तपासण्या ठरवता येतात.